कबुतरांचे दाणे, बाबांचा नेम आणि शेजारचे काका

पाचपाखाडी_३०२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

राहायला ठाण्यात, पाचपाखाडीत. जुनी इमारत, तिसरा मजला. घरात मी आणि आई. आई ७४ वर्षांची. बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. ते रोज आंघोळ झाली की गॅलरीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकायचे. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून आईने तो नेम आपल्याकडे घेतला. पुढे मुठीची वाटी झाली, वाटीचा डबा झाला. आता महिन्याला दहा किलो ज्वारी लागते आणि ती मीच आणते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझाही हात आहे.

आमच्या आणि शेजारच्या काकांच्या गॅलरीत एकच भिंत, तीही कमरेपर्यंत. काकांना आठ-नऊ महिने कोरडा खोकला होता. समोरच्या पुनर्विकासाची धूळ असेल असं सगळेच म्हणत होते. शेवटी छातीचा स्कॅन झाला. फुफ्फुसांचा आजार निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

काकूंनी मला हे लिफ्टमध्ये सांगितलं आणि वर म्हणाल्या, "वहिनींना बोलू नकोस हं. त्यांचा नेम आहे. आम्ही खिडक्या लावून घेतो."

बाबांचा ऑक्सिजन उतरला त्या रात्री गाडी काढली होती ती याच काकांनी. तेव्हा आमच्या दाराशी कोणी उभं राहायला तयार नव्हतं.

या गोष्टीला दीड महिना झाला. मी आईला सांगितलेलं नाही. दुकानात ज्वारी संपली म्हणून थाप मारली, तर तिने तांदूळ घातले. सोसायटी जाळी बसवणार आहे म्हटलं, तर म्हणाली, "बसवू दे, मी गच्चीत जाईन." तिच्या लेखी हे मुक्या जिवांना घास घालणं आहे आणि बाबांच्या नावाने आहे. हे थांबवायचं म्हणजे मी तिचा धर्म मोडायला सांगतेय. न थांबवावं तर काकांचं काय?

कायदा सांगू नका प्लीज. तो मला माहीत आहे. पण समोर आई आहे.

गोखले_रोडवरचा

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो, सविस्तर नंतर लिहितो. आमच्याकडे हाच प्रकार, फक्त सासरेबुवा आणि मका.

नास्तिक_नाना

यात विचार करण्यासारखं काय आहे? एकीकडे माणसाचं फुफ्फुस, दुसरीकडे अंधश्रद्धा. आजच्या आज दाणे बंद. धर्म मधे आणला की साध्या गोष्टीचा असा गुंता होतो.

चंदनबाला

नाना, तुम्हाला सगळंच साधं वाटतं, यावरून तुमच्या घरात म्हातारं माणूस नाही हे कळलं. हलकेच घ्या.

मी जैन घरातली. माहेर चरईचं. आमच्याकडे पक्ष्यांना दाणे घालणं ही जीवदया. आजोबांनी दुकान उघडायच्या आधी दाणे घातले नाहीत असा दिवस मला आठवत नाही. त्यामुळे ताईंच्या आईची ओढ मला आतून कळते. पण आमच्याकडे 'जयणा' नावाचीही एक गोष्ट शिकवतात. प्रत्येक कृती जपून करायची. पाणी गाळून घ्यायचं, दिवा झाकायचा, चालताना खाली बघायचं. मी दया करतेय म्हणून माझ्या हातून दुसऱ्या जिवाला काय होतंय ते बघायची जबाबदारी सुटत नाही, उलट वाढते. तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथात 'परस्परोपग्रहो जीवानाम्' असं आहे, जीवांनी एकमेकांना आधार द्यायचा. काका त्या 'जीवानाम्'मध्ये येतातच ना?

दादरचा कबुतरखाना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्री घालून बंद केला आणि लोकांनी ती ताडपत्री फाडली, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. भाऊ फाडणाऱ्यांच्या बाजूचा, मी नाही. आम्ही अजून तो विषय जेवताना काढत नाही.

नेरूळची_डॉक्टर

फक्त वैद्यकीय भाग लिहिते, बाकी तुम्ही बघा.

याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कबुतराच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या भुकटीत जी प्रथिनं असतात ती श्वासातून आत जातात आणि काही जणांचं शरीर त्यांच्याविरुद्ध पेटून उठतं. काही जणांचंच. म्हणूनच "आम्ही तर इतकी वर्षं दाणे घालतोय, आम्हाला कुठे काय झालं?" या वाक्याला अर्थ नाही. सुरुवातीला लक्षात आलं तर बरं होतं. पण संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसांत व्रणासारखे धागे तयार होतात आणि तो भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. स्टिरॉइड देतात, पण पहिला उपचार म्हणजे कबुतरं लांब करणं.

खिडक्या लावून भागत नाही. ती भुकटी इतकी बारीक असते की फटीतून आत येते, पडद्यांवर बसते.

ताई, तुमच्या गॅलरीची कोरडी झाडझूड अजिबात करू नका. आधी पाणी मारा, मास्क लावा, मग ओल्या फडक्याने पुसा. आणि हे काम आईंना करू देऊ नका. दीड महिना हा या आजारात थोडा काळ नाही. रागावून म्हणत नाहीये, पण म्हणतेय.

कलम_कसाई

ताईंनी कायदा नको म्हटलंय, म्हणून दोनच ओळी. घटनेच्या २५ व्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे, पण ते सुरू होतं 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून' असं म्हणत. आरोग्य हा शब्द तिथे पहिल्या दिवसापासून आहे. आणि भोंग्यांच्या बाबतीत तर लढाई आपल्या ठाण्यातूनच झाली. डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की लाउडस्पीकर लावणं हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, कुठल्याही धर्माचा असो.

अवांतर: तेव्हा मी राम मारुती रोडला राहायचो आणि ढोलपथकात होतो. निकाल वाचून चिडलो होतो. पुढे वडिलांची बायपास झाली आणि ते गणपतीत घरी आले. मग चिडलो नाही.

गोखले_रोडवरचा

रुमाल उचलतो. आमचे सासरेबुवा म्हणजे ज्योतिषाने सांगितलेला उपाय, पितृदोष वगैरे. त्यांच्या बाबतीत आम्ही सरळ त्याच ज्योतिषाला गाठलं. त्याने फोनवर सांगितलं, "दोष गेला, आता कबुतरांऐवजी गाईला पोळी." काम फत्ते. ताई, तुमच्या ओळखीतल्या गुरुजींकडून वदवून घ्या ना, की पितर तृप्त झाले, आता पुरे. आई खूश, काका खूश, कबुतरांचं कबुतरं बघतील.

पाचपाखाडी_३०२

खरं सांगू? हा विचार माझ्या मनात आला होता. एका गुरुजींना फोनही लावला होता, त्यांनी उचलला नाही. मग हिंमत गेली.

पळी_पंचपात्र

न उचलणारा मी नव्हतो, पण असू शकलो असतो. ठाण्यात २६ वर्षं पौरोहित्य करतोय. "गुरुजी, तुमचं ऐकतील, तेवढं सांगा ना" असे फोन मला नेहमी येतात. पूर्वी सांगायचो. एका आजोबांना साखरेचा आजार, एकादशी सोडायला तयार नाहीत. मुलाच्या विनंतीवरून मी त्यांना ठोकून दिलं की सत्तरीनंतर एकादशी लागूच होत नाही. वर्षभराने त्यांनी कुठेतरी वाचलं. माझ्याकडे आले, शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आजारी माणसाला सूट आहे एवढं खरं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं." पुन्हा त्यांनी मला कधी बोलावलं नाही. त्या घरचं लग्नही दुसऱ्याने लावलं.

तेव्हापासून खोटं सांगत नाही. आणि ताई, इथे खोट्याची गरजच नाही, खरंच पुरेसं आहे. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांना घास देणं, आहे हे बरोबर. पण तो बली असतो, म्हणजे आपल्या ताटातला घास. कावळ्याला, कुत्र्याला, गाईला. पोतं नव्हे. तुमचे बाबा मूठभर टाकायचे ना? ते शास्त्राच्या जास्त जवळ होते.

आणि गंमत म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कबुतरावर एक सबंध सूक्त आहे, १६५ वं. त्यात कपोत, म्हणजे कबुतर, हा निर्ऋतीचा, विनाशाच्या देवतेचा दूत. तो घरात शिरला म्हणून देवांना विनवणी केलीय, की बाबा रे, आम्हाला आणि आमच्या गाईगुरांना अपाय होऊ देऊ नका. हे आईंना घाबरवायला सांगू नका मात्र. एवढंच, की कबुतराला घातलं तरच पुण्य असं कुठे लिहिलेलं नाही.

कबुतर म्हटलं की शिबी राजा आठवतो. ससाण्यापासून कबुतर वाचवायला त्याने तराजूत मांडीचं मांस घातलं. स्वतःच्या मांडीचं. शेजाऱ्याच्या नाही.

गोखले_रोडवरचा

शेवटची ओळ कडक. पण गुरुजी, एक शंका. महाभारतात कौशिकाची गोष्ट आहे ना? नेहमी खरं बोलायचं व्रत, दरोडेखोरांनी विचारलं लोक कुठे लपलेत, याने खरं सांगितलं, लोक मेले, हा नरकात. म्हणजे खुद्द श्रीकृष्णाच्या मते वेळप्रसंगी खोटं बोलणं हाच धर्म. मग ताईंनी काय घोडं मारलंय?

पळी_पंचपात्र

तिथे विचारणारे दरोडेखोर होते. ताईंची आई दरोडेखोर नाही. तिला खरं कळल्याने कोणाचा जीव जाणार नाही, तिला रडू येईल इतकंच. ते रडू टाळायला आपण खोटं बोलतो आणि त्याला कौशिकाचा दाखला जोडतो.

दुर्वांकूर

कौशिकाची गोष्ट कृष्ण कधी सांगतो ते कोणी लिहिलंच नाही, आणि खरी मौज तिथेच आहे. कर्णपर्व. युधिष्ठिर कर्णाकडून मार खाऊन शिबिरात पडलाय. अर्जुन भेटायला येतो. युधिष्ठिर वैतागून म्हणतो, कर्ण मारता येत नसेल तर गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. झालं. अर्जुनाचं गुप्त व्रत असतं की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवायचं. तो सख्ख्या थोरल्या भावावर तलवार उपसतो! व्रत म्हणजे व्रत. तेव्हा कृष्ण त्याला झापतो, की तू वडीलधाऱ्यांची सेवा केलेली दिसत नाही, धर्म फार बारीक असतो. आणि कौशिकाची गोष्ट सांगतो.

पण तो असं म्हणत नाही की व्रत गेलं खड्ड्यात. तो वाट काढून देतो. मोठ्या माणसाला 'तू' म्हटलं की तो मेल्यासारखाच, म्हणून तू युधिष्ठिराला अरेतुरे कर, अपमान कर, व्रत पुरं झालं समज. अर्जुन तसं करतो. मग इतका खजील होतो की स्वतःलाच मारायला निघतो. त्यावर कृष्ण म्हणतो, स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. (हा उपाय सोशल मीडियावर रोज चालू असतो.)

मला त्यात आवडतं ते असं, की कृष्ण भावाचा जीव वाचवतो आणि अर्जुनाचा शब्दही पायदळी तुडवत नाही. ताई, तुमच्या आईचा शब्द बाबांना दिलेला आहे. नानांसारखं "अंधश्रद्धा, बंद करा" म्हणून तो तुटणार नाही. शब्द जपायला दुसरी जागा लागेल.

नास्तिक_नाना

मला काय सारखं मधे घेताय? आणि हे सगळे दाखले तुम्ही आपापल्या सोयीने काढताय. उद्या कोणी त्याच महाभारतातून उलटा दाखला काढेल. मग काय मापाने ठरवणार? काकांच्या फुफ्फुसांनीच ना? मग थेट तिथूनच सुरुवात करा की.

चंदनबाला

हे मात्र बरोबर बोललात नाना. +१. दाखला आधी सापडत नाही. आधी ठरतं आणि मग सापडतो. पण ज्या माणसाला सांगायचंय त्याच्या भाषेत सांगावं लागतं. आईंना स्कॅनचा रिपोर्ट वाचता येणार नाही, शिबी राजा कळेल.

कौसा_लोकल

मुंब्र्याहून लिहितोय, कौशात राहतो. आमच्याकडे पैगंबरांचं वचन लहानपणी पाठ करून घेतात, ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही तो ईमानवाला नाही. तीनदा शपथ घेऊन सांगितलंय ते. शेजाऱ्याची जात-धर्म त्यात नाही. पाठ सगळ्यांना आहे, पण गल्लीत गाडी कशी लावतात ते येऊन बघा.

माझा मुद्दा वेगळा आहे. काकू "सांगू नकोस" म्हणाल्या ते त्यांचं मोठेपण. पण माफ करण्याचा हक्क काकूंचा असेल, तर फुफ्फुस काकांचं आहे. त्यांना कोणी विचारलंय का?

पाचपाखाडी_३०२

नाही. काकांशी मी बोललेच नाही. लिफ्टमध्ये दिसले की फोन काढते.

मुठीतले_तांदूळ

वय ८१, मुलगी टाइप करून देतेय. आमच्या लहानपणी घरात मुष्टिफंडाचं मडकं असायचं. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ त्या मडक्यात. महिन्याने वसतिगृहाची मुलं येऊन घेऊन जायची. आई ताप असला तरी ती मूठ चुकवायची नाही. देव्हाऱ्यातल्या फुलाइतकंच ते होतं. तुमच्या वडिलांची मूठ तुमच्या आईला अशी ठेवता येईल. बघा पटलं तर.

दुर्वांकूर

आजी, _/\_. मी पानभर कर्णपर्व लिहिलं आणि तुम्ही मडकं आणून ठेवलंत.

गोखले_रोडवरचा

पण लोक म्हणतात दाणे बंद केले तर कबुतरं उपाशी मरतील, त्याचं काय? पाप नाही?

नेरूळची_डॉक्टर

मी पक्षीतज्ज्ञ नाही, पण यजमान खाडीवर फ्लेमिंगो बघत हिंडणाऱ्यांतले आहेत, त्यांना विचारून लिहिते. कबुतर हा मुळात कड्याकपारीतला पक्षी, आपले छज्जे आणि एसीचे डबे त्याला कडेच वाटतात. पिल्लांना तो गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं काहीतरी पाजतो, त्यामुळे किड्यांच्या हंगामाची वाट बघावी लागत नाही. आयतं खाणं असलं की बाराही महिने अंडी, एका वेळी दोन, साधारण अठरा दिवसांत पिल्लं. उडता येतं, शोधता येतं. एका गॅलरीतले दाणे थांबले तर ती पांगतात. तरीही मन खात असेल तर एकदम न थांबवता कमी करत नेतात काही जण. पण तुमच्या शेजारी रुग्ण आहे, तुम्हाला तेवढी सवड नाही.

पाचपाखाडी_३०२

मंडळी, उशिरा येतेय. सांगितलं. रविवारी संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर. शिबी वगैरे काही आठवलं नाही. "काकांना कबुतरांमुळे झालंय" एवढं एकदम बोलून टाकलं.

आई गप्प. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

म्हटलं, दीड महिना झाला. खरं तर दोन होत आले होते. तिथेही पंधरा दिवस मारलेच.

म्हणाली, "दीड महिना मला दाणे टाकू दिलेस? रोज सकाळी मी इकडे हात जोडत होते, आणि तुला पलीकडचा खोकला ऐकू येत होता?"

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "माझ्या हातून पाप होऊ दिलंस ते मला वाईट वाटू नये म्हणून?"

मला वाटलं होतं ती कबुतरांसाठी भांडेल. बाबांच्या नेमासाठी रडेल. त्यातलं काहीच नाही. तिचा सगळा राग माझ्यावर, आणि तो बरोबर होता. दोन दिवस बोलली नाही. सोमवारी सकाळी कबुतरं आली, ग्रिलवर चोची आपटत बसली. तिने पडदा ओढला आणि पाठ करून जप केला. मी गॅलरी धुतली, पाणी मारून, मास्क लावून.

मंगळवारी ती एकटी काकांकडे गेली. मला येऊ दिलं नाही. तासाभराने आली. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाली, "चहा केला होता त्यांनी, आलं घालून." याहून जास्त अजूनही कळलेलं नाही. काकांना औषध चालू आहे. खोकला आहेच, भिंतीतून ऐकू येतो. आता मी लिफ्टमध्ये फोन काढत नाही.

आजींचं मडकं तिला वाचून दाखवलं. लगेच उठून बाबांचा जुना स्टीलचा डबा घासायला घेतला. गुरुजी, तुम्हाला विचारायला सांगितलंय: घरात सात किलो ज्वारी शिल्लक आहे. ती म्हणते बाबांच्या नावाने संकल्प सोडलेलं धान्य, आपण खायचं नाही. मग करायचं काय?

पळी_पंचपात्र

संकल्पाचं पाणी ताम्हनात सोडतात, पोत्यावर नाही. जे घातलं ते दान झालं, जे उरलं ते धान्य. खुशाल दळून आणा. मन मानत नसेल तर भाकऱ्या करून कोणाला जेवायला बोलवा.

कौसा_लोकल

ताई, जाळीवाल्याचा नंबर असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा ना. आमच्याकडेही आता विषय काढायचाय.

पाचपाखाडी_३०२

व्यनि केलाय. हिरवी घेऊ नका, काळोख होतो. पारदर्शक नायलॉनची बसवा.

ज्वारी दळायच्या आधी आईने निवडायला घेतली. खडे, पोचट दाणे, सोंडे, ताटभर घाण निघाली. पक्ष्यांसाठी म्हटल्यावर दुकानदार हलका माल द्यायचा, स्वस्त पडायचा, मीही घ्यायचे. आई ताटाकडे बघत बसली. म्हणाली, "चार वर्षं त्यांच्या नावाने आपण हे घालत होतो?"